स्पंद, बटणे आणि दूरध्वनी केंद्रांचे स्थित्यंतर

बंगळूर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सार्वजनिक उपक्रमाने देशाला दूरध्वनी संच आणि स्ट्रोजर पद्धतीची स्वयंचलित केंद्रे पुरविली. या केंद्रांना केवळ स्पंदांची भाषा अवगत होती. तबकडी फिरवून सोडली की तारेतील विद्युतप्रवाह अंकाइतक्या वेळा खंडित होई : पाचासाठी ५ स्पंद, शून्यासाठी १०. वेग सेकंदाला सुमारे १० स्पंद.

पुढे बटणांचे संच आले. बोटे भराभर चालतात, स्पंद मात्र सावकाश जातात. ही तफावत एका लहानशा एकात्मिक परिपथाने दूर केली. तो दाबलेले अंक स्मृतीत साठवितो, ट्रान्झिस्टरद्वारे प्रवाह खंडित करून क्रमाने स्पंद पाठवितो आणि दोन अंकांमध्ये आवश्यक विराम राखतो. शेवटचा क्रमांक पुन्हा लावण्याची सोयही याच स्मृतीची देणगी होय. याउलट, स्वर पद्धतीत प्रत्येक बटण दोन कंप्रता एकाच वेळी पाठविते. त्या ओळखणारे केंद्र मात्र लागते.

येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उद्भवतो. भांडवल मर्यादित आणि प्रतीक्षायादी लांब असताना चालू केंद्रे मोडीत काढावीत, की नव्या जोडण्या द्याव्यात? स्वस्त परिपथामुळे जुन्या भांडवलाचे उपयुक्त आयुष्य वाढले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटचे स्वदेशी ग्रामीण अंकीय केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. तंत्रबदल एका दिवसात घडत नाही. जुन्या-नव्यास जोडणारा दुवाही विकासाचे साधन ठरतो.