डॅप्सोनच्या स्फटिकातील आंतररेण्वीय बंध

विदर्भात कुष्ठरोगाचा विषय निघाला की बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ स्थापन केलेल्या आनंदवनाचे स्मरण होते. या रोगावर दीर्घकाळ मुख्य औषध ठरलेल्या डॅप्सोनचे क्वचितच. या सेंद्रिय गंधक संयुगाची रचना हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन बेंझिन वलये एका गंधक अणूने जोडली असता डायफेनिल सल्फाइड मिळते. ते सामान्य तापमानास द्रव असते. त्याच गंधकास दोन ऑक्सिजन अणू जोडले गेले की डायफेनिल सल्फोन तयार होते व ते सुमारे १२८ अंश सेल्सिअसला वितळते. वलयांच्या दूरच्या टोकांस अमिनो गट आले की ते डॅप्सोन. त्याचा द्रवणांक सुमारे १७६ अंश. सांगाडा तोच असता हा फरक कशामुळे? गंधक-ऑक्सिजन बंध अतिशय ध्रुवीय असल्याने ऑक्सिजनवर ऋण प्रभार साचतो आणि शेजारच्या रेणूतील अमिनो गटाचा हायड्रोजन त्याकडे ओढला जातो. असा एकेक बंध दुबळाच, परंतु संपूर्ण स्फटिक त्यांनी विणलेला असतो. वलयांच्या जलविरोधी स्वभावाची त्यात भर पडून डॅप्सोन पाण्यात अत्यल्प विरघळते.

आपल्या वर्गात सूत्र फळ्यावर लिहिले की विषय संपतो. प्रत्यक्षात हाच रेणू एकाहून अधिक स्फटिकरूपे धारण करतो, आणि हाती आलेले रूप कोणते हे क्ष-किरण विवर्तनाने निश्चित करता येते.