ननांचा अभ्यास : स्मृतिभ्रंशाच्या मुळांचा शोध

सुरुवात : १९८६, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठ. प्रमुख संशोधक डेव्हिड स्नोडन.

सहभाग : ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या कॅथलिक संघातील ६७८ नन, सर्व पंचाहत्तरीच्या पुढच्या. दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी. मृत्यूनंतर मेंदू संशोधनाला देण्यास प्रत्येकीने संमती दिली.

ननच का? : आहार, निवास, वैद्यकीय सेवा जवळपास सारखी. त्यामुळे बाकीची कारणे वेगळी काढणे सोपे.

जुने कागद : साधारण बाविशीत, व्रत घेताना लिहिलेली छोटी आत्मवृत्ते मठात जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी, त्यांच्यात म्हातारपणी अल्झायमर अधिक आढळला (१९९६). हा संबंध आहे; कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही.

मेंदूत काय दिसले : अल्झायमरची खूण मानले जाणारे अमायलॉइड प्रथिनाचे साठे आणि टाऊ प्रथिनाचे गुंते असूनही काही जणी अखेरपर्यंत तल्लख होत्या. मात्र जोडीला मेंदूच्या विशिष्ट भागांत पक्षाघाताचे लहानसे झटके येऊन गेले असतील, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता बरीच वाढलेली दिसली (१९९७).

फरक : स्मृतिभ्रंश हा लक्षणांचा समूह. अल्झायमर हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण.