अंगणातलं खुराडं (लेखांक ७) : ऊब सोपी, ओल अवघड

पहिल्या दिवशी ६० ग्रॅम भरलेलं अंडं सातव्या दिवशी साडेपंचावन्न ग्रॅम भरलं. काटा स्वयंपाकघरातलाच, दिवाळीत चकलीचं पीठ मोजायचा. टरफलाला तडा नव्हता, कुठे गळतीही नव्हती. साडेचार ग्रॅम पाणी आठवड्याभरात हवेत उडून गेलं होतं. जायला हवं होतं तीन ग्रॅमच्याही आत. इन्क्युबेटरवरचा तापमानाचा आकडा मात्र सातही दिवस जागचा हललेला नव्हता. न्यू जर्सीतल्या माझ्या पहिल्या हिवाळी उबवणीत मी रात्री उठून उठून तेवढा एकच आकडा बघत होते. बारा अंड्यांतून शेवटी पाच पिलं निघाली.

मागच्या लेखात आपण फलित अंडी कुठून मिळवायची ते पाहिलं. आज ती उबवायची, आणि तीही ऐन थंडीत. थंडीतच का? हिशेब सोपा आहे. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ठेवलेली अंडी संक्रांतीला फुटतात. पिलांना पुरती पिसं यायला सहा आठवडे लागतात, म्हणजे तोवर फेब्रुवारी संपत आलेला असतो. जूनच्या सुमारास तलंगा अंड्यावर येतात आणि पुढचा लांब दिवसांचा उन्हाळा हाती लागतो. एप्रिलमधली पिलं तिथवर पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडतो, दिवस आखडू लागतात, आणि काही तलंगा वसंतापर्यंत टाळाटाळ करतात. २०२२ पासून इथे बर्ड फ्लूने कोट्यवधी कोंबड्या गेल्या, मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला, तेव्हापासून आपल्या मंडळींतही हे गणित विचारणारे वाढलेत. त्यांना आधीच सांगते, पैसे वाचवायला हा उद्योग करू नका. शिवाय निघालेल्या पिलांत साधारण निम्मे कोंबडे असतात आणि इथल्या बऱ्याच टाउनशिपमध्ये कोंबडा पाळायला बंदी आहे. त्यांची सोय आधी, अंडी नंतर.

थंडीत हे काम कोंबडीवर सोपवता येत नाही. ती खुडूक होते ती बहुधा दिवस मोठे होऊ लागल्यावर. डिसेंबरच्या नऊ-सव्वानऊ तासांच्या उजेडात तिला ती बुद्धी होत नाही. खुडूक कोंबडीच्या पोटाची पिसं गळतात आणि उघडी, गरम कातडी थेट अंड्यांना टेकते. चोचीने ती अंडी दिवसभर फिरवत राहते. आजीने डालग्यात पेंढा घालून कोंबडी बसवली, की तिचं काम दाणा-पाणी ठेवण्यापुरतं उरायचं. ओलीचा विचार आजीने कधी केला नाही, कारण कोकणची हवा बाराही महिने दमट.

आमच्याकडची गोष्ट उलटी. हवा जितकी थंड, तितकी तिच्यात वाफ कमी मावते. उणे दहा सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वादोन ग्रॅम वाफ राहते. साडेसदतीसला त्याच जागेत सुमारे ४५ ग्रॅम मावते. बाहेरची ती हवा फटींतून घरात येते, फर्नेस तिला तापवतो, पण पाणी काही घालत नाही. म्हणून जानेवारीत इथे ओठ फुटतात, आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. खोलीतली आर्द्रता २० टक्के असेल, तर तीच हवा इन्क्युबेटरमध्ये तापल्यावर दहा टक्क्यांच्याही खाली येते. अंड्याला हवी असते ४५ ते ५५ टक्के. उबेची जबाबदारी छोटासा थर्मोस्टॅट घेतो. ओलीची आपल्याला घ्यावी लागते.

अंड्याने पाणी मुळीच गमावू नये असंही नाही. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून वाफ बाहेर जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. फुटायच्या आधी पिलू पहिला श्वास घेतं तो याच पोकळीत. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२-१३ टक्क्यांनी उतरावं, म्हणजे ६० ग्रॅमचं अंडं साडेबावन्नच्या आसपास यावं. फार ओल राहिली तर पोकळी लहान राहते आणि पिलू आतल्या आतच गुदमरतं. फार कोरडं झालं तर आतला पापुद्रा चिवट होऊन पिलाच्या अंगाला चिकटतो. माझं अंडं त्याच गतीने उतरत राहिलं असतं, तर अठराव्या दिवशी साडेअठ्ठेचाळीसच्याही खाली गेलं असतं.

म्हणून तीन-चार अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा आणि त्यांचं वजन दर तीन-चार दिवसांनी वहीत टिपा. रोज साधारण ०.४ ग्रॅम उतरलं पाहिजे. जास्त उतरत असेल तर पाणी वाढवा. मात्र ट्रे खोल भरून उपयोग नाही. वाफ पाण्याच्या पृष्ठभागावरून उठते, तेव्हा भांडं पसरट हवं. जागा नसेल तर पाण्यात स्वच्छ स्पंज उभा ठेवा. पाणी कोमटच घाला. आर्द्रता दाखवणाऱ्या स्वस्त मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाटीभर मिठात थोडं पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसह झाकणबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. माझा मीटर ८४ दाखवत होता. वर्षभर मी त्या नऊ टक्क्यांच्या भरवशावर होते!

आता जागा. गॅरेज नको, खिडकी नको, फर्नेसच्या व्हेंटसमोर तर मुळीच नको. वीजबिल वाचवायला आपण रात्री घराचा थर्मोस्टॅट ७० फॅरनहाइटवरून ६२ वर आणतो. थर्माकोलचा साधा इन्क्युबेटर त्याबरोबर आतून खाली-वर होतो. ते २१ दिवस खोलीचं तापमान एकसारखं राहू द्या. पंख्याच्या यंत्रात ९९.५ फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ सेल्सिअस ठेवा. बिनपंख्याच्यात अंड्यांच्या माथ्याशी मोजून १०१-१०२. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची. संख्या विषम ठेवली की रात्रीच्या लांब मुक्कामाला रोज तीच बाजू वर येत नाही.

थंडीत अंडी यंत्रात पोचेपर्यंतही जपावी लागतात. शून्याच्या जरा खाली गेलं की अंडं गोठतं, तडकतं. म्हणून ज्याच्याकडून घ्याल त्या शेतकऱ्याला दिवसातून तीन-चार वेळा अंडी उचलायला सांगा, आणि जानेवारीत पोस्टाने मागवू नका. थंड अंडी थेट गरम यंत्रात ठेवली तर टरफलावर दव धरतं आणि त्यातून जंतू आत शिरतात. आधी काही तास खोलीत ठेवा.

अंड्यांपेक्षा पिलं पाठवणं सोपं, हे आमच्या राज्याला फार आधी उमगलं. त्याच्याही आधी, १८७९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमात लायमन बाइस यांनी आयझॅक डायस यांच्यासोबत इन्क्युबेटर तयार केला आणि ते गाव पुढे जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवू लागलं. १८९२ मध्ये न्यू जर्सीत डेलावेअर नदीकाठच्या स्टॉकटनमधून जोसेफ विल्सन यांनी एक दिवसाची पिलं पार्सलने रवाना केली. १९१८ पासून अमेरिकेचं टपालखातंही अशी पिलं नेऊ लागलं. हे जमतं ते बलकामुळे. फुटायच्या आधी पिलू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर तीन दिवस अन्नपाण्यावाचून काढू शकतं. ही शिदोरी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वीज गेली तर? फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये लाखो घरं अंधारात होती. अशा वेळी पहिला नियम म्हणजे झाकण उघडायचं नाही. यंत्रावर जाड गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. भ्रूण काही तासांचा गारवा सोसतो, फुटायला फार तर एखाद-दोन दिवस उशीर होतो. घाबरून यंत्र जास्त तापवणं त्याहून घातक.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा आणि आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्या. आता झाकण बंद, थेट पिलं निघेपर्यंत. माझी दुसरी चूक इथलीच. विसाव्या दिवशी एक पिलू बाहेर पडलं, ओलं, थरथरणारं. मला राहवेना. झाकण उचलून त्याला टॉवेलात घेतलं, अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्यात आतली सगळी वाफ खोलीच्या कोरड्या हवेत गेली. शेजारच्या अंड्याला टोचा पडलेला होता, भोकातून चोच हलताना दिसत होती. संध्याकाळपर्यंत भोकाच्या कडेचा पापुद्रा पिवळसर, कागदासारखा झाला. चोच हलायची थांबली. बाहेर आलेल्या पिलाला माझी घाई नको होती. त्याच्या पोटात तीन दिवसांची शिदोरी होती.

पुढच्या वर्षी अठराव्या दिवशी खुणेचं अंडं ५२.६ ग्रॅम भरलं. मी ट्रे भरले, झाकण लावलं. विसाव्या रात्री कुकरच्या वाफेने स्वयंपाकघराची काच धुरकटते तसं झाकण आतून धुरकटलं होतं. आत काय चाललंय काही दिसेना, नुसती चिवचिव ऐकू येत होती. पुसायचा मोह आवरला आणि दिवा मालवून झोपायला गेले.

(पुढील आठवड्यात : पिलांचा पहिला महिना, आणि २५० वॉटच्या दिव्याची भीती)