स्पिटफायरचं पुढचं सस्पेन्शन : ताकद नेमकी कुठे भरायची?

हा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना घेतलेले श्वास आणि "म्हणजे"ची माळ थोडी कापली आहे, बाकी तसंच ठेवलंय.

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की मेसेज येतात ते एकाच पठडीतले. "पुढचं सस्पेन्शन मजबूत करायचंय, कुठल्या स्प्रिंग टाकू?" कुणी विचारतं पॉलीबुश चांगले का, कुणी विचारतं गाडी दोन इंच खाली बसवू का. मी इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागात राहते. आमच्या गॅरेजात १९७६ची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० आहे, आणि गेल्या हिवाळ्यात तिचं पुढचं सस्पेन्शन पूर्ण उतरवून पुन्हा बांधलं. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. या गाडीत स्प्रिंगचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. पहिला नंबर अशा एका भागाचा, जो बाहेरून दिसतच नाही.

गाडी माहीत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगते. स्पिटफायर १९६२ साली आली, शेवटची १९८० साली बनली, कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात. आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीनं काढलेला. दोन माणसांची, उघड्या टपाची, तरुणांच्या खिशाला परवडावी म्हणून बनवलेली गाडी. परवडण्याचं गुपित असं की खालचा बराचसा सांगाडा कंपनीच्याच साध्या, घरगुती हेराल्ड गाडीतून उचललेला. हेराल्ड १९५९ची. पुढचं सस्पेन्शनही तिचंच.

आता बघा, चाक गाडीला कसं धरलेलं असतं. चासीतून दोन त्रिकोणी हात बाहेर येतात, एक वर, एक खाली. यांना विशबोन म्हणतात. त्यांच्या टोकांमध्ये एक उभा लोखंडी तुकडा असतो, त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात. चाकाचा आस या लिंकमध्ये बसतो. स्टिअरिंग फिरवलं की हा उभा तुकडा स्वतःभोवती फिरतो आणि चाक वळतं. वरच्या टोकाला बॉल जॉइंट आहे, जवळपास सगळ्या गाड्यांत असतो तसा. खालच्या टोकाला मात्र आटे पाडलेले आहेत! लिंकचं खालचं टोक म्हणजे चक्क एक जाड बोल्ट, आणि तो ब्राँझच्या एका ठोकळ्यात स्क्रूसारखा फिरवून बसवलेला. हा ठोकळा म्हणजे ट्रनियन. तुम्ही वळण घेता तेव्हा बोल्ट नटमध्ये फिरावा तशी लिंक ट्रनियनमध्ये फिरते. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट दिशेचे असतात. सुटे भाग मागवताना बाजू नीट तपासा.

ऐकायला विचित्र वाटतं, पण रचना हुशार आहे. या गाड्यांची चाकं इतकी वळतात की टॅक्सीवाल्यालाही हेवा वाटावा. स्पिटफायर साधारण सव्वासात मीटरच्या वर्तुळात फिरते. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीनं १९६२च्या इलान गाडीतही हीच पद्धत वापरली, आणि वळणावर चिकटून राहणाऱ्या गाड्यांत इलानचं नाव आजही घेतात. म्हणजे रचनेत खोट नाही. खोट देखभालीत आहे.

कंपनीच्या पुस्तकात ट्रनियनमध्ये गिअरचं घट्ट तेल भरायला सांगितलंय, ईपी ९० जातीचं. ग्रीस नाही. पण ट्रनियनवर एक छोटा प्लग असतो, तो काढून तिथे निपल लावता येतो. निपल दिसला की जगातल्या कुठल्याही मेकॅनिकचा हात ग्रीसगनकडे जातो. हात सवयीचा असतो, त्याला दोष काय द्यायचा. ग्रीस वरवर बसतं, खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, काही वर्षांनी सुकून मेणासारखं होतं. वरून रस्त्याचं पाणी आणि इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं. ब्राँझला फारसं काही होत नाही. पोलादी आट्यांना मात्र गंज चढतो, आट्यांच्या खाचेत बारीक खड्डे पडतात. आट्याची खाच म्हणजे आधीच कमकुवत जागा, कारण सगळा ताण तिथेच गोळा होतो. त्यात खड्डा पडला की तिथून केसासारखी भेग सुरू होते आणि दर वळणाला थोडी थोडी पुढे सरकते.

मग एक दिवस लिंक तुटते. बहुतेक वेळा पार्किंग करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना, कारण सुकलेल्या आट्यांवर सगळ्यात जास्त पीळ तेव्हा पडतो. चाक आडवं होतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर बसतो. पार्किंगमध्ये झालं तर टो ट्रक बोलावून भागतं. ताशी शंभरच्या वेगात झालं तर काय, ते मी वेगळं सांगायला नको. आणि इथे अजून एक गोष्ट. ब्रिटनमध्ये मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळाली. सगळ्या स्पिटफायर आता या वयाच्या झाल्यात. म्हणजे वर्षातून एकदा गाडीखाली बॅटरी मारून बघणारा माणूस कायद्यानं गेला. मी सूट असूनही दरवर्षी स्वखुशीनं तपासणी करून घेते. फी जाते, झोप लागते.

बरं, आता कामाकडे. गाडी न उघडता करायची एक चाचणी आधी. पुढची बाजू जॅकनं उचला, चासीखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका, अजिबात नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळ गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर ट्रनियन किंवा बॉल जॉइंट. पण भेग या चाचणीत सापडत नाही, हे लक्षात ठेवा. घट्ट वाटणारी लिंकसुद्धा आतून तडकलेली असू शकते.

उतरवायचं काम या गाडीत मजेचं आहे, कारण बॉनेट पंखांसकट अख्खंच पुढे उलटतं. मग तुम्ही चाकावर बसून सस्पेन्शनवर काम करू शकता, खरंच! स्प्रिंग आणि डँपर एकत्रच निघतात. वरचे तीन नट, खालचा एक बोल्ट. इथपर्यंत धोका नाही. पण डँपरच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कंप्रेसर लावल्याशिवाय कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती माणसाला गंभीर जखमी करते.

खरी लढाई ट्रनियनच्या आडव्या बोल्टशी. तो एका पोलादी नळीतून जातो आणि वर्षानुवर्षांत तिलाच गंजून चिकटतो. हातोडा, गॅस, भेदक तेल, सगळं करून झालं. शेवटी विशबोन आणि ट्रनियनच्या मधल्या फटीत करवत घालून दोन्हीकडून बोल्ट कापला. एका बाजूला पाऊण तास. बोल्ट आणि बुशचं किट नवीनच येतं, त्यामुळे कापण्यात नुकसान नाही, फक्त करवत विशबोनला लागू द्यायची नाही.

लिंक हातात आली की पूर्ण साफ करा आणि भेग तपासा. रंगाचं किट मिळतं, तीन डबे असतात. आधी क्लीनर मारायचा, मग लाल रंग. दहा-पंधरा मिनिटं थांबून रंग पुसायचा आणि वर पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग पावडरीवर बारीक लाल रेघ होऊन उमटतो. आमची डावी लिंक स्वच्छ निघाली. उजव्या लिंकच्या आट्यांत अर्ध्या नखाएवढी लाल रेघ दिसली. ती लिंक आता कपाटावर आहे, आणि पाहुण्यांना मी आधी गाडी दाखवत नाही, ती दाखवते. अशी लिंक वेल्डिंग करून वापरायचा विचारही करू नका.

जोडताना ट्रनियन लिंकवर पूर्ण आत फिरवायचा आणि मग बोल्टचं भोक जागेवर येईल इतकाच मागे घ्यायचा, एका फेऱ्यापेक्षा कमी. चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळलं पाहिजे, आटे कुठे टेकता कामा नयेत. वरचं सील नवीन टाका, पाणी तिथूनच शिरतं. नव्या बोल्टला कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी करवत लागणार नाही. मग प्लगच्या भोकातून तेल भरा, वरून पाझरेपर्यंत. थोडं गळेल, गळू द्या. तेल जीएल-४ दर्जाचं घ्या, ते ब्राँझला सौम्य असतं. मी वर्षातून दोनदा भरते, हिवाळ्याआधी आणि नंतर.

बुशबद्दल थोडक्यात. पॉलीबुश टिकाऊ असतात, स्टिअरिंग नेमकं वाटतं, रस्त्याचा खडबडीतपणा जरा जास्त जाणवतो. रबरी बुश घातलेत तर विशबोनचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत लटकलेल्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग ज्याला खरंच अजून ताकद हवी त्यानं काय करावं? ट्रॅकवर पळवायची असेल, रुंद चिकट टायर टाकायचे असतील, तर चाकाच्या आसाकडे बघा. स्पिटफायरचा आस बारीक आहे. तिची मोठी बहीण, सहा सिलिंडरची जीटी६, तिच्या लिंक जास्त जाड आस आणि मोठ्या ब्रेकसकट बसवता येतात. ट्रनियन काढून त्या जागी आधुनिक सांधा देणारी किटही मिळतात. मला स्वतःला ती रुचत नाहीत, मूळ रचना तेल दिलं तर उत्तम चालते. पण तेल द्यायची आठवण राहणार नसेल तर ती किट घ्या, त्यात लाज नाही. स्प्रिंग यानंतर. आणि गाडी फार खाली बसवू नका, विशबोनचे कोन बिघडले की खड्ड्यात गाडी आपोआप दिशा बदलते.

सगळं झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. चाकं पुढे किंचित आत, १/१६ इंचापर्यंत. कँबर बदलायचा असेल तर खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागे पातळ पत्रे असतात, त्यांनी जमतो. शे-दीडशे किलोमीटर चालवून सगळे नट पुन्हा तपासा.

जाता जाता पुण्याच्या एका श्रोत्याचा प्रश्न. आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड शेडमध्ये उभी आहे, तिला हे लागू होतं का? हो, अगदी. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१पासून ती गाडी भारतात बनवली आणि पुढचं सस्पेन्शन याच घराण्यातलं. तुमच्याकडे रस्त्यावर मीठ नाही, पण चार महिन्यांचा पाऊस आहे आणि पन्नास वर्षांचं ग्रीस आहे. त्यामुळे गाडी सुरू करून अंगणात फिरवायच्या आधी, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवायच्या आधी, दोन्ही ट्रनियन उतरवा आणि लिंक तपासा. आणि प्लगच्या जागी निपल लावून ठेवलेला असेल तर तो काढून मूळ प्लग बसवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक ग्रीसगन घेऊन येणार नाही.