वाऱ्याचा स्वभाव आणि पवनचक्कीचे पाते

वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्यांमध्ये वसलेल्या गुहागर तालुक्यात वारा बारमाही एका चालीने वाहत नाही. हिवाळ्यातील पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे मंदपणे जातो, दुपार चढली की खारा वारा नारळी-पोफळीच्या आगरांत शिरतो, आणि ज्येष्ठात नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुटला की मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवावे लागतात. अशा मुलखात पवनचक्की उभारू पाहणाऱ्याने वाऱ्याच्या सरासरीवर भिस्त न ठेवता त्याच्या स्वभावाची कसून चौकशी करावी, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला हा विषय नवखा नाही. 1986 साली भारतातील पहिल्या पवनऊर्जा प्रकल्पांची तजवीज झाली, तेव्हा गुजरातेतील ओख्याप्रमाणे रत्नागिरीच्या किनाऱ्याचीही निवड होऊन 55 किलोवॅट क्षमतेची डॅनिश बनावटीची यंत्रे बसविण्यात आली. पुढे मात्र राज्यातील पवनचक्क्यांचा मोठा विस्तार सह्याद्री चढून सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील उघड्या पठारांवर गेला.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते; पठाराच्या थोड्याशा अधिक वेगालाही एवढे मोल येते ते यामुळेच. याच नियमामुळे सरासरी फसवी ठरते. वारा अर्धा काळ सेकंदाला 4 मीटर आणि अर्धा काळ 8 मीटर वाहिला, तर सरासरी 6 मीटर भरते; परंतु त्यात अखंड 6 मीटर वाहणाऱ्या वाऱ्यापेक्षा तृतीयांश अधिक ऊर्जा असते.

यंत्र ही सारी ऊर्जा वसूल करू शकत नाही. पात्यांनी वारा पुरता अडविला तर मागून येणारी हवा बाजूने निघून जाईल, म्हणून 59.3 टक्के ही वसुलीची कमाल मर्यादा होय, असे जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ यांनी दाखवून दिले. जुन्या डॅनिश यंत्रांची पाती तुंब्याला पक्की जखडलेली असत. वेग वाढला की हवेचा प्रवाह पात्याच्या पाठीवरून सुटून जोर आपोआप ओसरे. आजच्या यंत्रात प्रत्येक पात्याच्या मुळाशी बेअरिंग असते व त्यावर पाते आपल्या अक्षाभोवती फिरते: मंद वाऱ्यात ते पूर्ण जोर घेते, क्षमतेपलीकडच्या वाऱ्यात कोन बदलून जादा जोर सोडून देते, आणि वारा सेकंदाला सुमारे 25 मीटरांवर गेला की धार वाऱ्याकडे करून यंत्र थांबविते.

गुहागरसारख्या किनाऱ्याची मागणी दुहेरी आहे. कोरड्या महिन्यांतील मंद वाऱ्यासाठी क्षमतेच्या मानाने लांब पाती हवीत. पण पाते लांबले की वादळाचा भारही वाढतो, आणि 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनजवळ किनारा ओलांडणाऱ्या निसर्ग चक्रीवादळाने तो भार किती असू शकतो हे उत्तर कोकणाला दाखविले आहे. खाऱ्या हवेने गंजणारे लोखंड हा आणखी एक मामला. तेव्हा येथे खांब रोवण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष, निरनिराळ्या उंचीवर, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद झाली पाहिजे. परमुलखातील वाऱ्यासाठी घडविलेले यंत्र केवळ स्वस्त मिळते म्हणून येथे आणून बसविणे, हा आपल्या किनाऱ्यावर आणि त्या यंत्रावरही अन्याय होय.