तळ्याकाठचा गळ आणि तळ्याची पारख

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघर आणि बोईसर यांच्या मधोमध उमरोळी हे छोटे स्थानक आहे. पश्चिमेस थोड्याच अंतरावर खाड्या, खाजणे आणि समुद्र. पूर्वेस भाताची खाचरे आणि त्यांच्याही पलीकडे डोंगराच्या पायथ्याचे पाडे. या पट्ट्यात मासळी म्हटली की प्रथम सातपाटीच्या पापलेटाचेच नाव निघते. ते रास्तही आहे, कारण २०२३ साली याच माशाला राज्यमाशाचा मान मिळाला. परंतु खाऱ्या पाण्याच्या या थोरवीपुढे गावतळी, शेततळी, मातीसाठी खणलेले खड्डे आणि ओढ्यांचे डोह यांतील गोड्या पाण्याची मासळी काहीशी उपेक्षित राहिली आहे. वस्तुतः पावसाळ्यात समुद्रातील मासेमारी बंद असते त्या दिवसांत अनेक घरांच्या ताटात येणारा मासा याच पाण्याचा असतो, आणि तो पुष्कळदा जाळ्याने नव्हे, तर साध्या गळाने धरलेला असतो.

गळ हे गरिबाचे साधन खरे, तथापि ते अडाण्याचे साधन मात्र नव्हे. पागाने मासे धरणारा मनुष्य जाळे फेकतो आणि जे येईल ते घेतो. गळ टाकणाऱ्यास मासा कोठे चरतो, काय खातो, केव्हा खातो आणि कसा ओढतो, हे सारे जाणावे लागते. म्हणूनच तळ्याकाठी वर्षानुवर्षे बसलेला माणूस त्या तळ्याची प्रकृती जितकी ओळखतो, तितकी ती तळ्याचा ठेकेदारही ओळखत नसेल. ज्या शेतकरी बंधूंनी शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे, त्यांना या माणसाचे ज्ञान उपयोगी पडण्याजोगे आहे.

कोणता मासा कोठे

आपल्या तळ्यांत सोडल्या जाणाऱ्या तीन प्रमुख माशांनी पाण्याचे जणू तीन मजले वाटून घेतले आहेत. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, म्हणून तो पृष्ठभागालगतचे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड किंचित खाली वळलेले असते व तो तळाचा कुजका पाला आणि गाळातील खाद्य वेचतो. त्याच्या जोडीस १९५७ साली बँकॉकहून आपल्या देशात आणलेला सायप्रिनस असतो. तो तळाची माती उकरून खातो आणि बांधाच्या कडाही पोखरतो. यांवरून गळाची खोली ठरते. मृगळासाठी आमिष तळास टेकले पाहिजे, रोहूसाठी ते तळापासून वीतभर वर राहिले तर बरे, आणि कटल्यासाठी ते वरच्या थरात, मऊ व सैल असे असावे, कारण कटला आमिष चावत नाही, ओढून घेतो.

खोली अंदाजाने ठरविणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. जाणता मनुष्य प्रथम गळास जड शिसे बांधून ते पाण्यात सोडतो. बोरूच्या काडीची तरंगकाडी बुडाली तर ती वर सरकवितो, आडवी पडली तर खाली, आणि शेंडा तेवढा पाण्यावर उभा राहिला की त्या जागेची खोली मिळाली असे समजतो. असे चारसहा ठिकाणी केल्यास तळ्याच्या तळाचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. जेथे उथळ भाग एकदम खोल होतो, जेथे ओढ्याचे पाणी आत येते, जेथे वाऱ्याने लाटा आणि त्यांबरोबर पाण्यावरील खाद्य काठाशी येऊन लागते, तेथे मासा फिरतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तो काठ बसण्यास गैरसोयीचा असला, तरी बहुधा लाभाचा असतो.

आमिष व साधने

काठी बांबूची असो वा बाजारातील कार्बनची, गळाचा जोर तंगुसाच्या आणि काट्याच्या निवडीत असतो. काट्यांच्या क्रमांकाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सामान्य काट्यांत क्रमांक जितका मोठा, तितका काटा लहान असतो. दुकानात हे ठाऊक नसल्याने मोठ्या माशासाठी चिमुकले काटे घेऊन येणारे पुष्कळ आढळतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून शेतावरून जाणाऱ्या वीजवाहक तारांखाली ती उभारू नये, व गडगडाट सुरू होताच ती खाली ठेवावी.

रोहू व मृगळ यांसाठी कणीक, शिजलेला भात आणि थोडी भुईमुगाची पेंड एकत्र मळून केलेला गोळा उत्तम. तो तळ्याच्याच पाण्यात मळावा. गोळा इतका घट्ट असावा की फेकताना सुटू नये, आणि इतका मऊ असावा की झटका देताच काटा त्यातून बाहेर यावा. गांडुळावर मृगळ, शिंगी आणि वाम असे अनेक मासे येतात. मरळ हा मांसाहारी. त्याला लहान मासा किंवा बेडकी लागते.

जागी मासे जमविण्यासाठी भाताचा कोंडा व पेंड यांचे गोळे टाकण्याची रीत चांगली आहे, मात्र येथे हात आखडता घ्यावा. न खाल्लेली पेंड तळाशी कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू ओढून घेते. लहान तळ्यात चार माणसांनी रोज परडीभर पेंड ओतली, तर मासे जमण्याऐवजी मरण्याचाच संभव अधिक.

तरंगकाडीची भाषा अनुभवानेच कळते. लहान लहान टिचक्या बसून ती नाचू लागली, तर बहुधा तिलापियाची किंवा मळ्यांची झुंड आमिष कुरतडीत आहे, असे समजावे. काडी संथपणे एका बाजूस सरकून पाण्याखाली गेली, तर तळाच्या माशाने आमिष उचलले. काडी बुडण्याऐवजी वर येऊन आडवी झाली, तर माशाने आमिषासह शिसे उचलले आहे आणि हीच ओढण्याची वेळ. नवशिक्या येथे ती बुडण्याची वाट पाहत बसतो. ओढ मनगटाची असावी, खांद्याची नव्हे.

पहाटेपासून नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर मासा चरतो. हिवाळ्यात पाणी गार असताना मात्र ऊन चढल्यावर उथळ भागात तो येतो. वैशाखात तळे आटून पाणी तापले असता गळ गुंडाळून ठेवलेला बरा, कारण त्या दिवसांत धरून सोडलेला मासाही बहुधा जगत नाही.

धरलेल्या माशाचे काय

लहान मासा परत सोडावयाचा असेल, तर प्रथम हात ओले करावेत. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच असते. कोरड्या हाताने तो निघून जातो आणि त्या जागी बुरशी धरते. तापलेल्या मातीवर टाकलेला, मग दया येऊन पाण्यात लोटलेला मासा चार दिवसांनी पोट वर करून काठास लागतो. अशा दयेपेक्षा तो घरी नेऊन शिजविणे अधिक शहाणपणाचे.

तिलापियाची गोष्ट निराळी. हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली आपल्याकडे आला. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. काट्यावर आलेल्या मादीच्या तोंडातून पिले गळताना पाहून पुष्कळांस नवल वाटते. या रीतीमुळे त्याची वीण झपाट्याने वाढते आणि तळे खुरट्या माशांनी भरून जाते. तो सापडल्यास परत सोडू नये. जिवंत आमिष म्हणून एका तळ्यातील मासे दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत, तेही याच कारणास्तव. आफ्रिकन मांगूर, ज्यास बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. तो तळ्यात शिरला की इतर मासे व त्यांची पिले खाऊन टाकतो.

रोहू, कटला व मृगळ यांविषयी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. हे मासे साठलेल्या पाण्याच्या तळ्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे टोचण देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतरच मत्स्यबीज केंद्रांतून मत्स्यजिरे व बोटुकली मिळणे सुकर झाले. याचा अर्थ असा की, गावतळ्यात गळास लागलेला प्रत्येक रोहू बहुधा कोणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. ग्रामपंचायतीने तळे ठेक्याने दिले असेल, तर ठेकेदाराची परवानगी घेतल्यावाचून गळ टाकणे म्हणजे परक्या शेतातील कणसे मोडण्यासारखेच होय.

ठेकेदारानेही गळवाल्यास केवळ चोर समजू नये. धरलेल्या माशांची लांबी व वजन तो टिपून ठेवील, तर ती तळ्याची फुकटची तपासणी ठरते. डोके मोठे व अंग सडपातळ असा रोहू वारंवार निघू लागला, तर तळ्यात मासे दाट झाले आहेत किंवा खाद्य अपुरे आहे, हे निश्चित. नीट पोसलेला मासा वर्षभरात सुमारे किलोभर भरतो. उमरोळीस २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी थांबते. पवईच्या तलावावर जशी गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांची संघटना आहे, तशी हौस असलेली शहरातील माणसे सुटीच्या दिवशी शुल्क भरून शेततळ्यावर बसावयास येऊ शकतील. जाळ्याने एकदाच काढलेल्या मालाहून याचे उत्पन्न अधिक होईल की नाही, हे तळ्याच्या आकारावर व मालकाच्या चिकाटीवर अवलंबून राहील. परंतु प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

वलगणीचा प्रश्न

जूनमधील पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ओढे भरून वाहू लागले की, मळ्या, शिंगटी, मरळ आदी मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत शिरतात. हीच वलगण. बांधाबांधावर विजेऱ्या व कंदील हलताना दिसतात, मुले, बाया, म्हातारे सारे टोपल्या, जाळ्या, कोयते घेऊन पाण्यात उतरतात. वर्षातील या एका रात्रीचा आनंद पाड्यांवरील लोकांस सणाहून कमी नसतो. वारली चित्रांतून मासे व मासेमारी वारंवार दिसते आणि जिव्या सोमा मशे यांचे जाळ्याचे चित्र जगभर गाजले, यात नवल नाही.

परंतु हे मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. एरवी भुकेने फिरणारा मासा त्या रात्री पोटात अंड्यांचा गाभोळा घेऊन उथळ पाण्याकडे निघालेला असतो. बांधावरील अरुंद मोरीवर जाळे लावले की वर जाणारी सारी वीण एकाच जागी सापडते, आणि पुढच्या वर्षी ओढ्यात मासळी कमी झाली म्हणून लोक खताला किंवा नशिबाला दोष देतात. वलगण मुळीच धरू नये, असे सांगणे व्यवहार्य नाही. कोणी ऐकणारही नाही. निदान मोरीचे तोंड पूर्णपणे अडवू नये. निम्मा प्रवाह मोकळा ठेवावा, आणि पहिल्या दोनतीन रात्रींनंतर जाळी काढून घ्यावीत, एवढे गावाने एकत्र बसून ठरविल्यास पाळता येईल.

मरळाच्या बाबतीत तर याहूनही जपावे लागते. नर व मादी दोघेही पिलांचे रक्षण करतात. पावसाळ्यात तळ्याच्या कडेस लालसर पिलांचा पुंजका पृष्ठभागावर उसळत फिरताना दिसतो. त्याच्या खाली आईबाप असतातच, आणि पुंजक्यावर बेडकी फेकली की मोठा मरळ भुकेने नव्हे तर रागाने गळ पकडतो. ही युक्ती सर्वांस ठाऊक आहे व सोपी आहे. पालक गेले की तो सारा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो. एका माशासाठी शेकडो मासे देण्याचा हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्यास पटणारा नाही.

सुरुंग लावून, विष कालवून किंवा गेळीची फळे ठेचून टाकून मासे मारणे यांविषयी अधिक काय सांगावे? सुरुंग व विष यांचा वापर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरविला आहे. ज्या ओढ्यात कारखान्याचे सांडपाणी मिसळते, तेथील मासा गळास लागला तरी तो खाऊ नये.

काठावर बसणाऱ्यानेही स्वतःस जपावे. पावसाळ्यात पायास जखम असता चिखलात उतरू नये, कारण लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून येतो. शिंगीचा काटा टोचल्यास वेदना तीव्र असतात. जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्यास त्या कमी होतात, आणि मग डॉक्टरांस दाखवावे.

आता पहाटेच्या एका दृश्याविषयी. ढगाळ, निवांत रात्रीनंतर उजाडताना तळ्यावर जावे, तो मासे पृष्ठभागावर तोंडे काढून हवा गिळताना दिसतात. नवशिक्यास वाटते, आज मासा भुकेला आहे. परंतु तो गुदमरत असतो. रात्रभर शेवाळ व माशांनी प्राणवायू संपविलेला असतो, आणि लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की मासे तग धरीत नाहीत. अशा वेळी गळ काढून ठेवावा व तळ्याच्या मालकास उठवावे. पंप लावून तळ्यातलेच पाणी उंचावरून परत तळ्यात पाडावे, विहिरीचे ताजे पाणी मिळाल्यास फवाऱ्यासारखे सोडावे, बांबूंनी पाणी झोडपावे, आणि त्या दिवशी खत व खाद्य अजिबात टाकू नये. सूर्य वर येईपर्यंत हे चालू ठेवावे लागते.