पावसाळा पाहिलेले काम

मृग नक्षत्राच्या तोंडावर लाटंबार्से, लाडफे, वडावल, कासारपाल, नानोडा या भागांतून फेरफटका मारला, तर घरोघरी एकच वाक्य कानी पडते : “मेस्त अजून आला नाही.” कोठे कौले उतरवून अंगणात रचून ठेवलेली, कोठे अर्ध्या भिंतीवर निळी ताडपत्री अंथरलेली, कोठे न्हाणीघराला चौकट आहे पण दार नाही. घरधनी फोन करून थकलेला आणि मेस्त “उद्या सकाळी खचित येतो” असे सांगून मोकळा झालेला. त्या उद्याची वाट पाहता पाहता आभाळ भरून येते.

घर दुरुस्त करावयाचे आहे, विश्वासू माणूस कोठे मिळेल, हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. कोणाचा मुलगा बोटीवर, कोणाचा पती आखातात. तिकडून पैसा येतो आणि इकडे घरची वृद्ध माता किंवा एकटी गृहिणी कामावर देखरेख करते. वर्षानुवर्षांची मिळकत एका माणसाच्या शब्दावर सोडावयाची असते. तो शब्द खोटा ठरला तर पैसा जातोच, पण चार महिने गळक्या छपराखाली काढावे लागतात, ही गोष्ट पैशाहून जड होते.

आम्हांलाही हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या निवासाच्या मागील खोलीचे छप्पर नवे करावयाचे ठरले. मोटारीतून एक कंत्राटदार आला. त्याच्याजवळ छापील कार्ड होते, बोलणे गोड होते आणि त्याचा आकडा इतरांहून कमी होता. आम्ही त्याचे एकही काम पाहिले नाही, कोणाला विचारले नाही, कागद केला नाही, आणि मागितली तेवढी, म्हणजे निम्म्याहून अधिक, रक्कम आगाऊ दिली. एप्रिलमध्ये त्याच्या माणसांनी दोन दिवसांत कौले उतरविली आणि तो म्हापशाकडील दुसऱ्या कामावर गेला तो गेलाच. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस रात्रीचा आला. त्या खोलीतील कपाटात जुन्या नोंदवह्या होत्या. पहाटे दिव्याच्या उजेडात एकेक भिजलेले पान सुटे करताना आमच्या मनात त्या माणसाविषयी राग होता. परंतु दिवस उजाडेपर्यंत त्यातील बराचसा आमच्याकडेच वळला होता. पान्हा विकत घेतानासुद्धा आपण तो दोनदा उलटापालटा करून पाहतो, आणि येथे छप्पर उतरविण्याची परवानगी आम्ही एका कार्डावर दिली होती.

पूर्वी हा शोध घ्यावा लागत नसे. गावच्या सुताराला व लोहाराला पिकातला वाटा ठरलेला असे. बापानंतर मुलगा तेच काम करी. त्या व्यवस्थेत कारागिराची जी कुचंबणा होई तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट मात्र होती : आपण बिघडविलेल्या कामावरून त्याला रोज जावे लागे. ज्या आढ्याला त्याने कच्चे लाकूड घातले त्याच घरी तो चतुर्थीला किंवा लग्नाला बसणार असे. आज कामकरी दोडामार्ग-सावंतवाडीकडून येतो, कर्नाटकातून येतो, ओडिशा-बिहारमधून येतो; काम संपताच तो दुसऱ्या गावी जातो. तो परका आहे म्हणून लबाड आहे असे मुळीच नव्हे. आमच्या पाहण्यातील उत्तम फरशी बसविणारा तरुण बिहारचाच होता. परंतु त्याच्या कामाची साक्ष गावाला ठाऊक नसते, ती आपणच जाऊन पाहावी लागते. शिवाय आमच्या डिचोली तालुक्यात २०१२ साली खाणी प्रथम थांबल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा कालपर्यंत डंपर चालविणाऱ्या काही हातांनी थापी धरली. त्यांतील कित्येक मन लावून शिकले, कित्येक शिकण्याआधीच मेस्त झाले.

जाता जाता एक गंमत सांगतो. ‘मेस्त’ आणि ‘मिस्त्री’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ म्हणजे गुरू, कसबी माणूस, यावरून आले. त्याच्या हातातले घमेले आणि बालदी, दाराची चावी, ही सारी त्याच भाषेची देणगी; आणि शनिवारी तो मागतो तो पगारसुद्धा. मूळ भाषेत ‘पागार’ म्हणजे देणे चुकते करणे. या शेवटच्या शब्दाकडे पुढे यावे लागेल.

तर माणूस कसा पाहावा? आमच्या मते त्याचे एक काम असे पाहावे की ज्याच्यावरून निदान एक पावसाळा गेला आहे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच्याइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही. नवा रंग दिलेले घर दाखविणाऱ्याला म्हणावे, “हे फार सुंदर आहे, आता दोन वर्षांपूर्वीचे दाखवा.” तेथे गेल्यावर घरधन्याशी बोलावे, पण त्याहून अधिक घरच्या बाईशी बोलावे, कारण कोणत्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते हे तिला ठाऊक असते. भिंतीला पोपडे आले आहेत काय, खिडकीखाली ओल उतरते काय, दार पावसात फुगून अडते काय, हे डोळ्यांनी पाहावे. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा : “काम बिघडले तेव्हा बोलावल्यावर तो परत आला का?” काम कोणाचेही बिघडते. परत येणारा माणूस मिळाला की अर्धी चिंता गेली.

त्या वर्षी आमच्या मदतीला जो आला तो दोडामार्गकडील एक वयस्कर मेस्त होता. एका शेजाऱ्याने त्याचे नाव सांगितले आणि या खेपेला आम्ही आधी जाऊन त्याची दोन जुनी घरे पाहिली. ताडपत्री बांधून छप्पर कसेबसे झाकले होते. किती खर्च येईल असे विचारताच तो म्हणाला, “फादर, आकडा मागाहून सांगतो. आधी तुमच्या बाकीच्या घरात पाणी कुठून येते ते बघू दे.” पाऊस चालू असताना तो बॅटरी घेऊन शेजारच्या खोलीत तासभर मान वर करून बसला. आमचा समज असा की जेथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कौल फुटले आहे. त्याने दाखविले की पाणी तीन हात वर शिरत होते आणि वाशाच्या खालच्या अंगाने ओघळत येऊन गाठीपाशी टपकत होते. कौले सगळी शाबूत होती. खालची रीप वाळवीने खाल्ली होती, तिथे उतार बसला होता, म्हणून पाणी उलटे आत येत होते. पूर्वीच्या कंत्राटदाराने सारी कौले नवी घालण्याचा हिशेब दिला होता. या माणसाने जुनीच मंगळुरी कौले धुऊन पुन्हा वापरली. मंगळूरला बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८६५ साली जी कौले पाडावयास आरंभ केला त्या जातीचे कौल नीट ठेवले तर पिढ्या काढते. जाते ते त्याच्या खालचे लाकूड.

जो आकड्याआधी दोष शोधतो तो विश्वासाचा, हे आम्ही तेव्हापासून धरून चाललो आहोत.

माणूस कितीही चांगला असला तरी सामानाची पारख घरधन्याला थोडी तरी असावी, कारण फसवणूक बहुधा तेथेच होते आणि कधी कधी बिचारा मेस्तच दुकानदाराकडून फसलेला असतो. आमच्याकडे भिंत म्हणजे चिरा. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दगडाला लॅटिन ‘लातेर’ म्हणजे वीट या शब्दावरून नाव दिले. कारण खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणूनच ताजा चिरा त्याच दिवशी भिंतीत घालू नये, काही दिवस उघड्यावर राहू द्यावा. मातीचे मोठे कप्पे असलेला व ठोकल्यावर बद्द वाजणारा चिरा बाजूला काढावा.

सिमेंटच्या पिशवीवर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटाचा जोर उतरू लागतो. वाळू काचेच्या बाटलीत पाण्यासह हलवून तासभर ठेवावी. वर बसणारा गाळाचा थर जाड दिसला तर ती परत पाठवावी. खारी वाळू तर घेऊच नये, ती आतले लोखंड गंजविते. सळईचे वजन पडताळण्याची युक्ती शाळेतल्या मुलालाही जमेल : जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ ने भागले की एका मीटरचे किलोतील वजन निघते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे; थोडा फरक चालतो, किलोभराचा चालत नाही. आणि स्लॅब घातल्यावर पाणी मारणे! साध्या सिमेंटाला निदान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटाला निदान १० दिवस ओल राहिली पाहिजे, असे आपल्या देशाचे प्रमाण सांगते. मेस्त रोज पाणी मारण्यापुरता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. हे काम घरच्यांनी अंगावर घ्यावे. पुढे स्लॅब गळू लागल्यावर त्यावर पत्र्याचे दुसरे छप्पर चढविण्याचा जो खर्च आपल्या गावोगाव होताना दिसतो, त्यातील काही तरी या दहा दिवसांच्या आळसाचा आहे.

विजेच्या कामाविषयी एवढेच की, परवाना असलेल्या माणसाखेरीज कोणाच्या हाती देऊ नये, आणि गळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घ्यावा. भिंत वाकडी झाली तर डोळ्याला दिसते, तारेतली चूक दिसत नाही.

आता कागद. ओळखीच्या माणसाशी कागद कसला करावयाचा, असा संकोच आपल्याकडे फार आहे. वस्तुतः कागद हा ओळख टिकविण्यासाठीच असतो. काम रोजंदारीवर, मापावर की उक्ते, सामान कोणाचे, कोणत्या टप्प्याला किती रक्कम, केव्हा संपणार, जादा काम निघाले तर दर काय, एवढे एका वहीच्या पानावर दोघांच्या सह्यांनी लिहावे. आगाऊ रक्कम दहाव्या हिश्शाहून फार अधिक देऊ नये आणि शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. मात्र हे आधी सांगून व लिहून, मागाहून अडवून नव्हे. सरकारी बांधकामातही दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत काही रक्कम अशीच राखून ठेवतात. सदनिका विकणाऱ्या बिल्डराला रेरा नावाच्या २०१६ च्या कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षांतील बांधणीचे दोष स्वखर्चाने दुरुस्त करावयास लावले आहे. मग गावच्या मेस्ताकडे एका पावसाळ्याची हमी मागणे काही जुलूम नाही. बांधकामाची सेवाही ग्राहक कायद्याखाली येते. सध्याच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि तेथे हा वहीतला कागद बोलतो. नवे बांधकाम वा वाढ असेल तर पंचायतीचा परवाना काढल्याशिवाय पहिला चिराही बसवू नये, हे सांगावयास नको.

परंतु वाचकहो, या व्यवहाराची दुसरी बाजूही आम्ही ऐकली आहे, कारण मेस्तही आमच्याकडे येतात. घरधनी काम चालू असताना खिडकीची जागा तीनदा बदलतो आणि दर तोच धरतो. शेजारच्या घरी एखादा कमी मागतो असे ऐकून मधेच भाव पाडतो. शनिवारी संध्याकाळी “बँकेत जायला जमले नाही” असे सांगून आठ जणांना रिकाम्या हाती बसस्टॉपवर पाठवितो. असा घरधनी विश्वासू माणूस मिळत नाही म्हणून हळहळतो, तेव्हा आम्हांला त्या ‘पागार’ शब्दाची आठवण होते. चांगल्या कारागिराला काम शोधावे लागत नाही, तोही घरे निवडतो. वेळेवर पैसे देणाऱ्या घराची कीर्ती त्यांच्यात तितक्याच वेगाने पसरते जितकी चांगल्या मेस्ताची आपल्यात.

आणि काटकसर कोणाच्या जिवावर होते हेही पाहिले पाहिजे. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणच्या चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि सुमारे तीस मजूर गेले. ती मोठी इमारत होती, आपले काम लहान आहे, असे म्हणून चालत नाही. सडलेल्या बांबूच्या परांचीवर उभा असलेला माणूस आपल्याच अंगणात असतो. ती परांची चढण्याआधी कोणी तपासली काय, हा प्रश्न घरधन्याने विचारावा. मजूर बहुधा विचारीत नाही.

आमच्या वृद्ध मेस्ताचे काम त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुरे झाले आणि ठरल्याप्रमाणे शेवटचा हिस्सा आम्ही राखून ठेवला. पावसाळा संपल्यावर तो पैशासाठी येईल अशी आमची कल्पना. जुलैच्या मध्यास, धो धो पाऊस चालू असता, सकाळच्या बसने तो उतरला. छत्री दाराशी टेकवून सरळ मागच्या खोलीत गेला, मान वर करून बराच वेळ उभा राहिला, एका वाशाला हात लावून पाहिला. नंतर चहा घेतला. आम्ही पाकीट पुढे केले तर म्हणाला, “ते दसऱ्याला. मी छप्पर बघायला आलो.” पाऊस जरा ओसरल्यावर त्याने शिडी मागितली, सोप्यावरचे एक कौल माकडांनी सरकविले होते, ते त्याला रस्त्यावरूनच दिसले होते.